बारोनिन घरी राहिली तो उन्हाळा

सगळी भानगड नाताळात सुरू झाली आणि ती पाद्रीणबाईंच्या डोक्यातून निघाली. दरवर्षी आमच्या चर्चसमोर येशूजन्माचा देखावा असतो. लाकडी गाय, लाकडी गाढव आणि गवतात ठेवलेली बाहुली. त्या वर्षी पाद्रीणबाईंना वाटलं, जनावरं खरी असावीत. "या खोऱ्यात माणसांपेक्षा गाई जास्त, आणि देखाव्यात मात्र लाकडाची?" असं त्या प्रवचनात म्हणाल्या, आणि माझा नवरा बाल्झ, जो प्रवचनात हमखास डुलक्या काढतो, तो ताडकन सरळ बसला.

कारण गाय म्हटलं की आमच्या गावात एकच, आमची बारोनिन. बारोनिन म्हणजे जहागीरदारीण. नाव बाल्झने ठेवलं आणि ती तेव्हापासून तशीच वागत आली. म्हातारी, तपकिरी, मागचा उजवा पाय किंचित ओढत चालणारी, आणि नाकावर माशी बसू न देणारी. जूनमध्ये सगळ्या गावाची गुरं वरच्या कुरणावर निघतात तेव्हा सगळ्यांत पुढे ती असते. गळ्यात बाल्झच्या आजोबांची घंटा, चांगली बादलीएवढी. बाकीची माणसं गुरांच्या मागे चालतात. बाल्झ मात्र बारोनिनच्या शेजारून चालतो, आणि चेहरा असा की लोक टोप्या काढतायत त्या त्यालाच बघून. आमच्या लग्नात तो एवढा तोऱ्यात नव्हता.

तर देखाव्यात बारोनिन उभी राहिली. तिच्या शेजारी वासरू हवं, म्हणून मेल्कने आपलं निकी दिलं. मेल्क आमच्या कुंपणापलीकडचा शेजारी. तो आणि बाल्झ शाळेत एका बाकावर बसायचे आणि अजूनही तसेच भांडतात. निकीला त्याने पलीकडच्या खोऱ्यातून आणलं होतं. लहानखुरं, केसाळ, नाक सदा वाहतं, पण डोळे असे की गावातल्या बायका विरघळल्याच. नाताळभर रोज संध्याकाळी ते बारोनिनचं नाक चाटत उभं राहायचं. आणि बारोनिन, जी मला दूध काढताना गुणगुणू देत नाही, ती खुशाल चाटू द्यायची.

लोक म्हणाले, बघा, सणाचा महिमा. बाल्झने त्या चाटण्याचा फोटो काढला, टेबलाएवढा मोठा करून घेतला आणि चौकटीत घालून कादुफबाईंना भेट दिला. कादुफबाई म्हणजे आमच्या जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी तो दवाखान्यात आपल्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावला. करतील काय बिचाऱ्या, देणारा दर आठवड्याला येऊन बघून जायचा.

वसंत आला तरी निकी काही वाढेना. त्याला हगवण लागली, थांबली, पुन्हा लागली. मेल्कने काळा चहा पाजला, जवसाची कांजी पाजली, शेवटी कादुफबाईंना बोलावलं. त्यांनी रक्त नेलं आणि दोन-चार दिवसांनी मेल्कला दवाखान्यात बोलावून घेतलं. मी तिथे आमच्या मांजरीला घेऊन बसले होते, म्हणून हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

"मेल्क, ही साधी हगवण नाही. हा विषाणू आहे. निकी आईच्या पोटात असतानाच त्याला लागला, आणि आता जन्मभर त्याच्या अंगातून जाणार नाही. नाकातून, लाळेतून, शेणातून हा रोग तो सगळीकडे वाटत राहणार."

"औषध द्या की मग."

"यावर औषध नाही. असं वासरू शोधायचं आणि कळपातून काढायचं, एवढाच इलाज आहे." बाई जरा थांबल्या. मेल्कचा चेहरा बघून कोणीही थांबलं असतं. मग म्हणाल्या, "आता मला खरं सांगा. याच्याजवळ कुठली गाभण गाय आली होती का?"

"छे हो. निकी गोठ्याबाहेर पडलाय कुठे?"

एवढं बोलून मेल्कने मान वर केली. समोर भिंतीवर निकी जीभ बाहेर काढून बारोनिनच्या नाकपुडीत घालत होता. कादुफबाईंनीही वर बघितलं. मीही बघितलं. आणि बारोनिन तर सप्टेंबरातच फळली होती.

त्याच दुपारी बाई आमच्या गोठ्यात हजर. बाल्झ दारात हात पसरून उभा.

"बारोनिन गाभण नाहीये," तो म्हणाला. "जाड झालीय."

"बाल्झ, बाजूला व्हा."

"वय झालं की होतं असं. व्रेनीकडे बघा."

व्रेनी म्हणजे मी, आणि या वाक्याचा हिशोब मी नंतर चुकता केला. बाईंनी लांब हातमोजा चढवला, बारोनिनच्या मागे गेल्या आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मग म्हणाल्या, "तुमच्या जाडीने मला आत्ता लाथ मारली." बाल्झने हात खाली घेतले. बाईंनी तिचं रक्त घेतलं, बाकीच्या गाईंचंही घेतलं. बाकीच्या सगळ्या स्वच्छ निघाल्या. बारोनिनच्या रक्तात मात्र त्या रोगाशी झुंज दिल्याची खूण होती, आणि चांगली ठळक.

"तिला लागण झाली, ती बरीही झाली आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही," बाईंनी आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. समोर कॉफी, नाशपातीचा पाव आणि आमच्याकडचं हिरवं झिगर चीज. बाल्झने काहीच तोंडात घातलं नव्हतं. "ती आता कुणाला काही देणार नाही. प्रश्न पोटातल्याचा आहे. गाभणपणाच्या ज्या दिवसांत तिने निकीला नाक चाटू दिलं ना, नेमक्या त्याच दिवसांत पोटातल्याला हे चिकटतं. ती व्याली की वासरू तपासू. तोवर ती या आवाराबाहेर पाऊल टाकणार नाही."

"आणि जूनमध्ये?"

"जूनमध्येही नाही."

"फक्त वर पोचवतो आणि खाली आणतो."

"वाटेत व्याली तर? वर सगळ्या गावाच्या गाई एका पाण्यावर. त्यातल्या कितीतरी नव्याने गाभण. त्यांच्यात हे वासरू पडलं, तर पुढच्या वर्षी घरोघरी एकेक निकी जन्मेल."

बाल्झने समोरची बशी बाजूला सारली. "बाई, तिचं हे शेवटचं वर्ष आहे," तो म्हणाला. "पुढच्या जूनला तिचे गुडघे चढ चढणार नाहीत. मला दुसरं काही नको. शेवटचं एकदा तिला सगळ्यांच्या पुढे चालू द्या." मी भांडी घासत होते, आणि चेष्टा करायला जीभ उचललीच नाही. मला त्याची दया आली, असं मी सहसा कबूल करत नाही.

कादुफबाई नाहीच म्हणाल्या. पण कॉफी पूर्ण संपवून, सावकाश म्हणाल्या.

निकी त्याच आठवड्यात गेला. कत्तलखान्याची गाडी येईपर्यंत मेल्क त्याला बाटलीने दूध पाजत बसला होता, लाल रबरी बूच लावलेली जुनी बाटली. आम्ही दोघांनी ते खिडकीतून बघितलं. तरीही बाल्झने त्याच्याशी बोलणं टाकलं. म्हणजे टाकलं कसलं, माझ्यामार्फत सुरू ठेवलं. दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना, हाताच्या अंतरावर, आणि मध्ये मी, कपडे वाळत घालणारी.

"व्रेनी, त्याला सांग, ते वासरू नव्हतंच. चार पायांचा रोग पाळला होता त्याने."

"व्रेनी, त्याला सांग, रोगाचा फोटो काढून वाटत कोण फिरलं?"

"व्रेनी, त्याला सांग, माझ्या गाईचं नाक तिच्या जागी होतं. जीभ त्याच्या वासराची होती."

"मी पोस्टमन नाही," मी म्हणाले. "आणि ऐकू दोघांनाही येतंय." पण माझं कोण ऐकतंय. मेल्क तोंड फिरवून गोठ्यात गेला. रागाच्या भरात काय बोलून गेलो हे बाल्झला तेव्हाच कळलं होतं, मी त्याचे कान लाल झालेले बघितले. पण माघार घेईल तो बाल्झ कसला.

गुरं निघायच्या आदल्या दिवशी मी अंडी गोळा करायला गेले तर गोठ्याच्या मागे आजोबांची घंटा, आणि तिच्यात गच्च गवत कोंबलेलं. घंटा वाजू द्यायची नसली की आमच्याकडे असंच करतात. शेजारी बाल्झची काठी, पाठपिशवी, आणि बारोनिन घासूनपुसून लख्ख.

"कुठे निघालात जोडीने?" मी विचारलं.

"फिरायला."

"जंगलातल्या वाटेने? वरपर्यंत?"

"तिला हवा मानवते."

मी घंटेतलं गवत उपसून काढलं आणि त्याच्या पायांवर टाकलं. "बाल्झ, तू मेल्कला काय काय ऐकवलंस ते सगळं मी ऐकलंय. उद्या तुझ्या पायी गावात घरोघरी निकी जन्मले, तर प्रत्येक कुंपणावर जाऊन मी काय सांगायचं? माझ्या नवऱ्याला मिरवायचं होतं म्हणून?"

त्याने बारोनिनला दाव्याला बांधलं आणि तिच्या पायाशी पालथ्या बादलीवर बसून राहिला. मग म्हणाला, उद्या मी येणार नाही, आपल्या बाकीच्या गाई तूच घेऊन जा. बारोनिनशिवाय त्या वाटेवर त्याला पाय टाकायचा नव्हता. मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी कळपाच्या पुढे गावच्या कुरणप्रमुखाची सेलिना होती. तरणीताठी, शिंगांना फुलं, गळ्यात चकचकीत नवी घंटा. चर्चपर्यंत ती झोकात चालली. मग नदीवरचा लाकडी पूल आला. त्याच्या फळ्यांमधून पाणी दिसतं. बारोनिन दरवर्षी मधोमध थांबायची, खाली बघायची, नाकाने फुर्र करायची आणि पुढे जायची, की मग बाकीच्या निमूट जायच्या. सेलिनाने खाली बघितलं आणि वळून घरचा रस्ता धरला. तिच्या मागच्याही वळल्या. त्यांच्या मागच्यांना काय चाललंय ते कळेना, म्हणून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि जे दिसेल ते खाऊ लागल्या. समोर पाद्रीणबाईंच्या खिडक्यांतली जिरेनियमची फुलं होती. पोस्टाची पिवळी बस अडकली. पाद्रीणबाई खिडकीतून झाडू फिरवत होत्या, आणि खरं सांगते, मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

निकीमुळे मेल्कची गुरं घरीच बंद होती, पण तो मदतीला आला होता. ढकलून ढकलून घामाघूम झाला. शेवटी माझ्याजवळ आला.

"व्रेनी, त्याला सांग, घंटा घेऊन ये."

"तूच सांग," मी म्हणाले आणि फोन त्याच्या हातात दिला.

मेल्कने फोनकडे बघितलं, मग पुलाकडे, मग पाद्रीणबाईंच्या झाडूकडे. "बाल्झ," तो फोनवर म्हणाला, "घंटा घेऊन ये. गाय नको."

बाल्झ आला, घरचे फाटके कपडे, पायात गोठ्यातले बूट. पुलापलीकडे जाऊन त्याने घंटा दोन्ही हातांनी गदागदा हलवली. गाईंनी कान टवकारले, बघितलं आणि पुन्हा जिरेनियमला लागल्या. हाताने हलवलेली घंटा त्यांना लगेच कळते. ती चालल्यासारखी वाजत नाही.

"तशी नाही," मेल्क त्याच्याजवळ जाऊन म्हणाला. "गळ्यात घाल. आणि तिच्यासारखं चाल."

"व्रेनी, त्याला सांग, मी गाय नाही."

"मान खाली घाल," मेल्क म्हणाला.

आणि बाल्झने मान खाली घातली. मेल्कने पट्टा त्याच्या गळ्यात अडकवला, बक्कल लावलं, खांद्यावरची सुरकुती नीट केली. एवढी वर्षं लग्न होऊन बाल्झने मला आपला टाय धड बांधू दिलेला नाही. मग बाल्झ पुलाच्या अलीकडे आला, वळला आणि चालू लागला. गुडघ्यात जरा वाकून, उजवा पाय ओढत, मान एका लयीत वरखाली करत. घंटा वाजली, आणि मी शपथेवर सांगते, डोळे मिटले असते तर मी म्हटलं असतं की बारोनिन चाललीय. पुलाच्या मधोमध तो थांबला. खाली पाण्याकडे बघितलं. नाकाने फुर्र केलं. आणि पुढे गेला.

सेलिना त्याच्या मागे निघाली. तिच्या मागे सगळ्या. कुणी हसलं नाही. लोकांनी नेहमीसारख्या टोप्या काढल्या, आणि माझा नवरा घामाने निथळत, खाली मान घालून, त्यांच्यासमोरून गेला. या खेपेला टोप्यांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात आमच्या घरामागून बारोनिन हंबरली. तिची घंटा तिच्याशिवाय निघाली होती. बाल्झ क्षणभर थबकला, त्याचे खांदे हलले, आणि मग तो तसाच, त्याच चालीने, पार वरपर्यंत चढून गेला. मेल्क सगळ्यांत मागून, हसू आवरत. पण वर पोचल्यावर बाल्झच्या सोललेल्या मानेला लोणी त्यानेच चोळलं.

बारोनिन महिनाअखेरीस व्याली. आम्ही गवत कापत होतो, भर दुपार होती. पाडी झाली. उंच पायांची, चमकदार, बघता बघता उभी राहून आचळाला लागली. मी बाल्झला बजावलं होतं, नाव ठेवायचं नाही. तो म्हणाला, ठेवलंय कुठे, आणि तिला हाक मारताना नुसतीच शीळ घालू लागला. "हिला काय झालंय? बघ तरी," तो मला दिवसातून कितीदा म्हणायचा. "बाईसुद्धा चुकतात कधीकधी." कादुफबाईंनी तिच्या कानाचा कणभर तुकडा तपासायला नेला होता. तो अहवाल येईपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला.

आल्या त्या कादुफबाई स्वतः. फोनवर सांगता आलं असतं, पण त्या आल्या, आणि हातात बॅग नव्हती. बाल्झने ते बघितलं आणि त्याला कळलं.

"दुसऱ्यांदाही तपासली," बाई म्हणाल्या. "तेच आलं. मला वाईट वाटतं, बाल्झ."

पाडी तेव्हा त्याच्या बाहीचं बटण चोखत होती. तो म्हणाला, "ही वर जन्मली असती." एवढंच म्हणाला. मग कधी नव्हे तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मला त्या घंटेतून उपसलेलं गवत आठवलं.

कुंपणाची फळी वाजली. मेल्क पलीकडून उतरत होता, हातात लाल बुचाची बाटली.

"गाडी यायला वेळ आहे," तो म्हणाला. "दूध कोमट आहे. तू आत जा, मी पाजतो."

"नको," बाल्झ म्हणाला. "इथेच बसतो." दोघं गवतावर बसले. पाडी ढुशा मारत प्यायली. बाटली संपत आली तेव्हा बाल्झ म्हणाला, "मेल्क, निकीबद्दल मी जे काही बोललो..."

"ते तू व्रेनीला बोललास," मेल्क म्हणाला. "मला कुठे काय बोललास?"

मी घरात गेले. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासली.

सप्टेंबरात गुरं खाली यायची वेळ झाली. वरून निरोप आला, बाल्झला पाठवा, सेलिना एक पाऊल टाकत नाहीये. बाल्झ शर्टाच्या कॉलरखाली जाड मफलर गुंडाळून गेला. इकडे बारोनिन आता मोकळी होती. वासरू गेल्यावर बाईंनी पुन्हा सगळ्यांचं रक्त तपासलं, रोग कुठेच सापडला नाही, आणि बाईंनीच म्हटलं, चढाला नाही, पण पुलापर्यंत न्यायला काय हरकत आहे. मी आणि मेल्कने तिच्या शिंगांना फुलं बांधली. मेल्कच्या गाठी सुटत होत्या, मी पुन्हा बांधत होते. पाद्रीणबाईंनी उरलेली जिरेनियमची फुलं स्वतः आणून दिली आणि हळूच सांगितलं की यंदा देखाव्यात लाकडाचीच गाय असेल.

पलीकडून घंटा ऐकू आली. मग बाल्झ दिसला, वाकलेला, पाय ओढत, मागे गावाची सगळी गुरं. तो पुलाच्या मधोमध थांबला, पाण्याकडे बघितलं, आणि मान वर केली तर समोर बारोनिन. ती सरळ पुलावर चढली. त्याच्यापाशी गेली, घंटा हुंगली, आणि डोक्याने त्याला अशी ढुशी दिली की तो कठड्याला जाऊन आदळला. हसले लोक तेव्हा, अगदी पोट धरून. बाल्झही हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि बक्कल काही त्याला सुटेना. शेवटी मेल्कने सोडवलं.

बारोनिनने मान खाली केली. बाल्झने पट्टा तिच्या गळ्यात घातला. ती वळली आणि गावातून चालत गेली, सगळ्यांच्या पुढे, अजिबात घाई न करता. या वेळी बाल्झ तिच्या शेजारून चालला नाही. तो पुलावरच उभा राहून बघत राहिला आणि मग मेल्कबरोबर सगळ्यांत मागून, शेण चुकवत आला.

ती हिवाळ्यात गेली, आपल्या गव्हाणीपाशी. पुढच्या जूनपासून गुरांपुढे आजोबांची घंटा सेलिनाच्या गळ्यात असते, आणि ती आता बरी चालते. पण बाल्झ अजून पुलाच्या मधोमध थांबतो आणि खाली पाण्याकडे बघतो. मागच्या गाई तेवढा वेळ थांबतात.